तान्ह्या पोळ्याच्या नंदीचे पोपडे असे थांबले

माझ्या वर्गातली मुलं तान्ह्या पोळ्यासाठी (विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) घरचे जुने लाकडी नंदी रंगवायला आणतात. त्यांच्यावरच्या जुन्या ऑइलपेंटवर पोस्टर कलर धरतच नाही. ओघळतो, वाळला की पोपडे निघतात. आता १२० नंबरचा वॉटरपेपर ओला करून आधी मी स्वतः घासते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ मुलांच्या नाकात जायला नको. मग रंगाखालचं अस्तर: एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि खडूची पूड, दाट ताकाइतकं. दोन पातळ हात. जाड थराला भेगा पडतात. पावसाळी हवेत प्रत्येक हात रात्रभर वाळवायचा. चाकांचा आस कोराच ठेवा, नाहीतर चाकं जाम होतात. अस्तरावर पोस्टर कलर, आणि शेवटी वॉर्निश स्प्रेचंच. पाण्यातलं वॉर्निश ब्रशने लावलं की पोस्टर कलर सुटतो आणि नंदीचे डोळे पसरतात.