जुनी सागरी कॉमिक्स कशी वाचावीत

वेताळाची, म्हणजे फँटमची, गोष्ट समुद्रात सुरू होते. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना ती पाठ असते: १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटलं, एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागला आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी मोडून काढायची शपथ घेतली. ली फॉक यांनी वेताळ १९३६ मध्ये सुरू केला. तिथून पुढची वीसेक वर्षं अमेरिकेत शिडाची जहाजं, तलवारी आणि बंडखोर खलाशी यांच्या भरपूर चित्रकथा निघाल्या. त्यातल्या बऱ्याच आज घरबसल्या फुकट वाचता येतात. पण हाती लागेल तो अंक उघडून भराभर पानं उलटलीत तर लवकरच कंटाळाल. त्या वाचायची रीत वेगळी आहे.

सुरुवात 'बकनीअर्स'पासून करा. क्वालिटी कॉमिक्सची ही मालिका १९५०-५१ मध्ये निघाली. तिचा पहिला अंक १९ क्रमांकाचा आहे, त्यामुळे आधीचे अठरा शोधत बसू नका. ते 'किड इटर्निटी' या दुसऱ्याच मालिकेचे आहेत. टपालाच्या सवलतीचा परवाना नव्याने काढावा लागू नये म्हणून प्रकाशक नाव बदलायचे आणि क्रमांक पुढे चालू ठेवायचे. मधेच दोन पानांची नुसती मजकुराची गोष्ट लागते, तीही टपालाच्या नियमापायीच. ती खुशाल सोडा. मुखपृष्ठावरचा महिनाही खरा धरू नका, अंक त्याच्या दोन-तीन महिने आधीच विक्रीला येत असे.

अंक मिळवायला 'डिजिटल कॉमिक म्युझियम' आणि 'कॉमिक बुक प्लस' या दोन साइट पुरेत. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार २८ वर्षांनी हक्कांचं (कॉपीराइटचं) नूतनीकरण करावं लागे. अनेक प्रकाशकांनी ते केलं नाही, म्हणून हे अंक तिथे खुले आहेत. एकाच अंकाच्या दोन प्रती दिसल्या तर कागदी अंकावरून स्कॅन केलेली घ्या. मायक्रोफिशवरून (पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मवरून) घेतलेल्या प्रतीत रात्रीचा समुद्र म्हणजे नुसता काळा डाग असतो. फाइल सीबीझेड (.cbz) असेल आणि उघडत नसेल तर तिच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदलून झिप (.zip) करा, आत साधी चित्रंच असतात. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचण्यापेक्षा टॅब्लेट किंवा संगणकावर अख्खं पान समोर ठेवा.

आता खरं काम. पान आधी नुसतं बघा, संवादांचे फुगे नंतर वाचा. जहाज कुठल्या बाजूला चाललंय, वारा कुठून येतोय, डेकवर कोण उभं आहे, हे आधी डोळ्यांत भरू द्या. माझी आवडती कसोटी झेंड्याची. मागच्या वाऱ्याने शीड पुढे फुगलं असेल तर डोलकाठीवरचा झेंडाही पुढेच फडकायला हवा. घाईत काढणारे चित्रकार तो मोटारीवरच्या झेंड्यासारखा मागे फडकवतात. दोरखंड कुठून निघून कुठे बांधलेत तेही बघा. ही नजर बसली की चांगला हात आपोआप ओळखू येतो. चित्रकाराचं नाव तेव्हा बहुधा छापत नसत. ते 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' या साइटवर गोष्टीनुसार शोधा. रीड क्रँडल हे नाव दिसलं की थांबा, त्यांच्या रेषेला घाईने वाचणं हा अन्याय आहे.

मग काळात मागे जा, विल आयस्नर यांच्या 'हॉक्स ऑफ द सीज'कडे. त्यावर नाव विलिस रेन्सी आहे, ते आयस्नर यांचंच टोपणनाव. नायक पूर्वीचा गुलाम, आता गुलामांच्या व्यापाऱ्यांवर तुटून पडणारा. ही कथा आठवड्याला एक पान अशी येई, म्हणून प्रत्येक पान अडकवून ठेवत संपतं. एका बैठकीत चार-पाच पानं बस. मिल्टन कॅनिफ यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या 'टेरी अँड द पायरेट्स'लाही तेच लागू. चीनच्या किनाऱ्यावरची ही रोजची पट्टी एकेक आठवडा करून वाचा. सलग वाचलीत तर कालचं आज पुन्हा सांगितलेलं खटकत राहतं.

इथे एक गोष्ट जड जाते. 'टेरी'तला कॉनी हा चिनी नोकर पुढे आलेल्या दातांचा, मोडकं इंग्रजी बोलणारा दाखवलाय आणि असली पात्रं जागोजागी आहेत. ती पाहून न पाहिल्यासारखं करू नका. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचे ठरवलं होतं, तेव्हा कोण कोणाला चाचा म्हणतंय हे विचारत वाचणं आपल्याला अवघड जाऊ नये. लहान मुलांना देण्याआधी स्वतः वाचून बघा.

एवढं झालं की 'पायरसी' घ्या. ईसी कॉमिक्सचे १९५४-५५ मधले हे सातच अंक, त्यांत क्रँडल, वॉली वुड आणि जॅक डेव्हिस यांचं काम आहे. त्याचे हक्क शाबूत आहेत, त्यामुळे फुकट साइटवर शोधू नका, पुनर्मुद्रित पुस्तक विकत किंवा वाचनालयातून घ्या. पुनर्मुद्रणात रंग नव्याने भरलेले असतील तर मूळ अंकाचं एखादं पान शेजारी ठेवून पाहा. स्वस्त कागदावरच्या चार शायांच्या ठिपक्यांतून निघालेला समुद्राचा निळा आणि संगणकावर भरलेला निळा यांतला फरक लगेच दिसेल, आणि पुढे कुठली आवृत्ती घ्यायची हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.