गोव्याच्या दमट हवेत व्हीआर हेडसेट कसा वापरावा आणि कसा सांभाळावा

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारे यंत्र, घरात आला की पहिले काही दिवस तो सगळ्यांच्या डोक्यावर फिरतो आणि थोड्याच काळात कपाटात जाऊन बसतो. यंत्र बिघडलेले असते असे बहुधा नसते. बॅटरी उतरलेली असते, अपडेट बाकी असते, तोंडाला टेकणाऱ्या फोमला पावसाळी वास येत असतो आणि खोलीतला टीपॉय बाजूला सारण्याचा कंटाळा आलेला असतो. यांतली प्रत्येक अडचण क्षुल्लक आहे, परंतु चारही एकाच वेळी आड आल्या की माणूस मुकाट्याने टीव्ही लावतो. त्यामुळे हेडसेट वापरात ठेवायचा असेल, तर तो डोक्यावर चढवण्याआधीच्या या अडचणी आधीच दूर करून ठेवणे हेच मुख्य काम आहे. पुढील सूचना प्रामुख्याने मेटा (फेसबुकची मालक) कंपनीच्या क्वेस्ट २, क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट ३एस यांसारख्या, संगणकाशिवाय चालणाऱ्या हेडसेटना लागू पडतात.

घेण्यापूर्वी

आपल्याकडे हे यंत्र पुष्कळदा आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्या नातेवाइकाच्या सामानातून येते. असे मागवताना मूळ बिल आणि खोके जपून आणायला सांगावे, मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरण्याआधी सीमाशुल्काचे चालू नियम पाहून घ्यावेत आणि वॉरंटी ज्या देशात खरेदी झाली तेथेच चालणार, असे गृहीत धरून पैसे मोजावेत. चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असेल तर फक्त पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर पुरतो.

कोणते मॉडेल घ्यावे याचा निर्णय डोळ्यांसमोर येणाऱ्या भिंगांवरून करावा, असे माझे मत आहे. २०२० मधील क्वेस्ट २ आणि २०२४ मधील क्वेस्ट ३एस यांत फ्रेनेल भिंगे, म्हणजे वर्तुळाकार खाचा असलेली पातळ भिंगे, आहेत. ती स्वस्त पडतात, पण डोळा भिंगाच्या नेमक्या मध्यावर नसेल तर कडेचे दृश्य पुसट होते आणि काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाची वलये दिसतात. २०२३ मधील क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगे, म्हणजे प्रकाश आतल्या आत परतवणारी चपटी भिंगे, आहेत आणि त्यांत दृश्य कडेपर्यंत बरेच स्वच्छ राहते. वाचन, चित्रपट किंवा संगणकाचा पडदा पाहणे असा उपयोग असेल तर हा फरक किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. जुना हेडसेट घेताना तो आपल्यासमोर चालू करायला लावावा, पूर्ण पांढऱ्या पडद्यावर पिवळे किंवा जांभळे डाग दिसतात का ते पाहावे, हातात धरायच्या कंट्रोलरवरील जॉयस्टिकला हात न लावता दृश्य आपोआप सरकते का ते तपासावे आणि विकणाऱ्याने आपले खाते काढून फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिला दिवस

खोके उघडल्याबरोबर खेळता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. फोनवरील ॲप, मेटा खाते, वाय-फाय आणि त्यानंतर मोठे अपडेट, एवढे सगळे आटोपल्यावर यंत्र हाती येते. वाढदिवसाची भेट असेल तर हे सोपस्कार आदल्या रात्रीच उरकावेत. फेसबुकचे खाते २०२२ पासून सक्तीचे राहिलेले नाही. दहा वर्षांखालील मुलांसाठी हे यंत्र नाही, असे कंपनीच सांगते, आणि १० ते १२ वयाच्या मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली उघडावे लागते.

डोक्यावर नीट बसवणे

धूसर दिसते, मान दुखते, गालांवर वळ उठतात या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा पट्ट्यात असते. क्वेस्ट ३ चे वजन सुमारे ५१५ ग्रॅम आहे आणि ते जवळजवळ सगळे चेहऱ्यासमोर लटकते. ते सावरण्यासाठी लोक पट्टा आवळत जातात आणि दाब गालांवर वाढतो. योग्य पद्धत अशी: पट्टा सैल करून आधी मागचा भाग कवटीच्या खालच्या उंचवट्यावर, म्हणजे मान सुरू होते तिथे, टेकवावा, मग हेडसेट डोळ्यांवर आणावा, डोक्यावरून जाणारा पट्टा इतका ओढावा की वजन त्याने उचलले जाईल, आणि बाजूचे पट्टे अगदी शेवटी जेमतेम घट्ट करावेत. त्यानंतर अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत हेडसेट किंचित वर-खाली करावा. खोक्यातला मऊ पट्टा कामचलाऊ असतो. मागे कडक आधार असलेला पट्टा हा या यंत्रावरचा सर्वांत उपयोगी जादा खर्च होय.

दुसरी बाब दोन बुबुळांमधील अंतराची. चष्म्याच्या दुकानात ते मिनिटभरात मोजून मिळते. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये भिंगांना ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, त्यामुळे आपल्या अंतराला सर्वांत जवळची जागा निवडावी. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून अंतर जुळवता येते. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने वापरल्यावर हे अंतर बदललेले राहते आणि पुढच्या माणसाला विनाकारण डोळे ताणावे लागतात, हे लक्षात असू द्यावे.

पडदा डोळ्यांजवळ असल्याने लांबच्या नंबराचा चष्मा लागणार नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भिंगांमुळे डोळ्याला ते दृश्य मीटरभराहून अधिक अंतरावर असल्यासारखे पाहावे लागते. म्हणून लांबचे न दिसणाऱ्यांना चष्मा लागतोच, उलट केवळ वाचनाची चाळिशी असलेल्यांना ती बहुधा लागत नाही. चष्म्यासकट घालायचे असेल तर डोळे आणि भिंगे यांतील अंतर वाढवण्याची सोय आधी करून घ्यावी, कारण चष्म्याची काच भिंगाला घासली तर पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

जागा आणि उजेड

हिंडून खेळायचे असेल तर साधारण २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी. हेडसेटमध्ये खेळण्याच्या जागेची सीमारेषा आखताना ती भिंतीपासून हातभर आत आखावी, कारण इशारा दिसेपर्यंत हात पुढे गेलेला असतो आणि गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर बोटांची सालटी निघायला वेळ लागत नाही. ही सीमा बाजूंची आहे, वरची नाही. कमी उंचीच्या फ्लॅटमध्ये छताचा पंखा फिरत असताना हात उंचावण्याचा खेळ लावू नये, टेबलफॅन लावावा. पायांखाली एक छोटी चटई टाकली की आपण मध्यापासून सरकलो आहोत हे तळव्यांनाच कळते.

उजेडाच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. हेडसेट आपल्या कॅमेऱ्यांनी खोली पाहून स्वतःची जागा ठरवतो, त्यामुळे अंधारात तो गोंधळतो. पण थेट ऊन त्याचा शत्रू आहे. भिंगावर ऊन पडले की भिंगाने कागद जाळावा तसा आतला पडदा काही क्षणांत जळतो आणि तो डाग कधीच जात नाही. म्हणून बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), खिडकीच्या फळीवर किंवा गाडीच्या मागच्या काचेखाली हेडसेट ठेवू नये, आणि ठेवताना भिंगांची बाजू नेहमी खाली किंवा झाकलेली असावी. बाहेरून कौलारू छपराखालची सावली दिसत असली तरी संध्याकाळचे तिरपे ऊन आत कुठवर येते, हे आपले आपणच पाहून घ्यावे.

कंट्रोलरमधून अदृश्य अवरक्त प्रकाश बाहेर पडतो आणि त्यावरून कॅमेरे हातांचा माग काढतात. आरसे, काचेची कपाटे आणि दिव्यांच्या माळा त्यात घोळ घालतात. चवथीला गणपतीवरच्या माटोळीभोवती किंवा नाताळात येशूजन्माच्या गोठ्याभोवती माळा लागल्या आणि खेळातले हात अचानक उडू लागले, तर कंट्रोलर बिघडला असे समजू नये. माळा विझवून पाहाव्यात. शिवाय सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी हा पर्याय असतो. परदेशातून आलेल्या यंत्रात तो ६० हर्ट्झवर राहिलेला असेल तर ५० हर्ट्झ करावा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिव्यांची सूक्ष्म फडफड त्या वेगाशी बांधलेली असते.

पावसाळा, घाम आणि बुरशी

ही खरी गोव्याची अडचण. जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतका ओलावा असतो की चामड्याच्या चपलांवर आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी धरते. हेडसेटचा फोम घाम शोषून घेतो आणि तो पुरता वाळत नाही. फोमच्या जागी धुता येणारे सिलिकॉनचे आवरण बसवावे. २०२१ मध्ये काही वापरकर्त्यांच्या त्वचेला त्रास झाल्याने क्वेस्ट २ चा मूळ फोम कंपनीला परत मागवावा लागला होता आणि त्यावर चढवायला सिलिकॉनचे आवरणच देण्यात आले होते. हे आवरण काढून सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. लवकर वाळावे म्हणून आवरणासकट अख्खा हेडसेट उन्हात ठेवणे म्हणजे वर सांगितलेले संकट ओढवून घेणे होय.

वापर झाल्यावर हेडसेट लगेच डब्यात बंद करू नये. अर्धा तास पंख्याखाली उघडा ठेवून घाम उडू द्यावा आणि मगच रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले तर ते ओले झाल्याचे दिसते. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येते. डब्यात तांदूळ घालण्याचा घरगुती उपाय येथे करू नये, कारण त्याची भुकटी भिंगांवर आणि चार्जिंगच्या छिद्रात बसते. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहील असे पाहावे.

भिंगांवर वाफ धरणे ही वेगळी गोष्ट आहे. एसीच्या खोलीत थंड झालेल्या भिंगांना चेहऱ्याची उबदार, घामट हवा लागली की धुके जमते. यंत्र चालू करून काही मिनिटे तसेच ठेवले की भिंगे आतून ऊब धरतात आणि त्रास कमी होतो. धुके पुसायला फक्त कोरडे मायक्रोफायबरचे कापड वापरावे. अल्कोहोल, चष्म्याचे द्रावण किंवा सदऱ्याचे टोक यांतले काहीही नको.

किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा कंट्रोलरच्या सेलचे टोक गंजवते. आठवडाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल चांगले चालतात, मात्र त्यांचा व्होल्टेज १.२ असल्याने पडद्यावर चार्ज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

वीज आणि वाय-फाय

हेडसेटची बॅटरी साधारण दोन तास टिकते. रोज एका ठरलेल्या जागी, हाताशी येईल असा चार्जर लावून ठेवला की निम्मी कटकट संपते. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की मात्र तो सॉकेटमधून काढावा. महिनाभर वापर होणार नसेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. वीज खात्याचा पुरवठा मधेच गेला तर हेडसेट चालत राहतो, पण राउटर बंद पडतो, म्हणून राउटरला इन्व्हर्टरची जोडणी द्यावी.

संगणकावरील खेळ वाय-फायने हेडसेटवर आणायचे असतील तर जुन्या घरांतील जाड चिऱ्यांच्या भिंती आडव्या येतात. राउटर खेळायच्या खोलीतच असावा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर जोडावा आणि संगणक राउटरला केबलने जोडावा. ही तिसरी अट लोक टाळतात आणि दृश्य अडखळते म्हणून हेडसेटला दोष देतात.

मळमळ

डोळे सांगतात की आपण चाललो आहोत आणि कान सांगतो की आपण उभे आहोत. या विसंगतीतून मळमळ येते. सुरुवात बसून, आपण स्थिर राहतो अशा खेळांनी करावी, चालण्याऐवजी एका जागेवरून दुसरीकडे उडी घेण्याचा पर्याय निवडावा आणि वळणे टप्प्याटप्प्याने ठेवावीत. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेतल्यास दिशेचे भान राहते. कपाळाला घाम फुटताच थांबावे. नेटाने सहन केल्यास सवय होत नाही, उलट शरीराला हेडसेटचीच शिसारी बसते. उतरवल्यावर डोके हलके वाटत असेल तर लगेच स्कूटर बाहेर काढू नये.

सणाला आलेल्या पाहुण्यांना दाखवताना दृश्य फोनवर किंवा टीव्हीवर प्रक्षेपित करावे, म्हणजे आतला माणूस कुठे अडला ते बाहेरून सांगता येते. प्रत्येकानंतर आवरण पुसावे, आणि डोळे येण्याची साथ असेल तेव्हा यंत्र कोणालाही देऊ नये, मग पाहुणा रुसला तरी चालेल.

यंत्राचे आयुष्य

यंत्र धडधाकट असूनही सॉफ्टवेअरमुळे निकामी होऊ शकते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीतून विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही संगणकाला जोडायचे हेडसेट चालवणारी प्रणाली काढून टाकली आणि त्यावर चालणारे हेडसेट त्या आवृत्तीवर बंद झाले. पहिल्या क्वेस्टचे सुरक्षा अपडेटही २०२४ मध्ये थांबले. म्हणून स्वस्तात मिळणारे जुने मॉडेल घेताना त्याला कंपनीचा आधार किती काळ उरला आहे हे आधी पाहावे. आपल्याकडच्या यंत्राची आपोआप अपडेट होण्याची सोय चालू ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी ते चार्जरला लावून रात्रभर वाय-फायवर ठेवावे. विकायची वेळ आली तर फोनच्या ॲपमधून यंत्र खात्यातून काढावे, फॅक्टरी रीसेट करावे आणि बॅटरी फुगलेली आढळली तर ते विकू नये, कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे.