आउटपुट चालू करण्याआधी मर्यादा ठरवा

सोलापुरात टॉवेलच्या मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करणाऱ्या कामात डिप्लोमा करून येणारी मुले बेंचवरचा डीसी पॉवर सप्लाय हाती येताच व्होल्टेज लावून मोकळी होतात. माझा पहिला प्रश्न मात्र करंट कितीवर रोखला आहे, हाच असतो.

समजा, २४ व्होल्टवर निरोगी कार्ड ०.४ अँपिअर घेते आणि आपण मर्यादा ०.६ अँपिअर ठेवली आहे. कार्डात शॉर्ट असेल तर सप्लाय स्थिर करंटच्या अवस्थेत जातो, व्होल्टेज खाली येते. पण तो बंद होत नाही, आणि बिघडलेल्या भागातून ०.६ अँपिअर वाहतच राहतात. आउटपुट पूर्ण तोडायचे असेल तर ओव्हरकरंट प्रोटेक्शन म्हणजे ओसीपी वेगळे चालू करावे लागते. कार्डावरचे कपॅसिटर भरताना क्षणभर जास्त करंट ओढतात, त्यामुळे ओसीपीला थोडा विलंब दिला नाही तर चांगल्या कार्डावरही सप्लाय ट्रिप होतो, म्हणजे आउटपुट तोडतो, आणि नवखा माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

व्होल्टेज ठरावीक आकड्यावर गेले की आउटपुट तोडणारे ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन, म्हणजे ओव्हीपी, ५ व्होल्टच्या कार्डाला साधारण ५.५ वर ठेवावे असे मला वाटते. मात्र रिमोट सेन्स, म्हणजे कार्डापाशीच व्होल्टेज मोजणाऱ्या वेगळ्या तारा, जोडला असेल तर हिशेब बदलतो: जाण्यायेण्याच्या तारांचा एकूण रोध ०.१ ओहम असेल आणि ४ अँपिअर वाहत असतील, तर कार्डापाशी ५ व्होल्ट टिकवण्यासाठी सप्लाय आपल्या टर्मिनलवर ५.४ व्होल्ट देतो. आणि बऱ्याच सप्लायमध्ये ओव्हीपी तिथेच मोजले जात असल्याने अवघा ०.१ व्होल्टचा अवकाश उरतो. अशा वेळी आधी जाड तारा घ्याव्यात, ओव्हीपी वाढवण्याचा विचार नंतर करावा.

संगणकावरून एससीपीआय (अशी उपकरणे चालवण्याची प्रमाणित आज्ञाभाषा) आज्ञा पाठवताना क्रम असा ठेवावा की आउटपुट बंद, रीसेट, मग ओव्हीपी, करंटची मर्यादा, ओसीपी, व्होल्टेज, आणि शेवटी आउटपुट चालू. रीसेटनंतर कित्येक सप्लायचे ओव्हीपी कमाल आकड्यावर जाते आणि ओसीपी बंद होते, म्हणून काल लावलेल्या मर्यादा आजही असतील असे गृहीत धरू नये. शिवाय आवाक्याबाहेरचा आकडा पाठवला तर सप्लाय उणे २२२ क्रमांकाची त्रुटी नोंदवतो आणि बहुधा जुनाच आकडा कायम ठेवतो. त्रुटींची रांग न वाचणारा प्रोग्रॅम हे न कळताच आउटपुट चालू करून टाकतो. मर्यादा परत वाचून, जुळल्यावरच पुढे जाणे मी सक्तीचे मानतो.

ट्रिप झाल्यावर कारण दूर करूनच प्रोटेक्शन क्लिअर करावे, म्हणजे ट्रिपची अवस्था मिटवावी. क्लिअरची आज्ञा प्रोग्रॅमच्या लूपमध्ये, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, कधीही घालू नये. तापमानाच्या प्रोटेक्शनला बहुधा आपल्या हाती आकडा नसतो, पण चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात मागांच्या शेडमधल्या सप्लायची जाळी सुताच्या तुसाने भरते, तेव्हा ट्रिपचे कारण प्रोग्रॅममध्ये शोधण्याआधी पंखा पाहावा.