राइडवर फोन नको, फ्लॅश तर नकोच

मुंबईहून मुलांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला निघालात, तर रोलर कोस्टरच्या रांगेत शिरण्याआधीच मोबाइल लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर खाली थांबलेल्या आजीकडे द्या. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. त्या वेगात हातातून सुटलेला फोन मागच्याच्या तोंडावर बसू शकतो. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश मारू नका. अंधाराला सरावलेले सगळ्यांचे डोळे एका झटक्यात दिपतात, आणि फोटोत येतं काय, तर पुढच्याचं टक्कल! फोटो हवाच असेल, तर बऱ्याच मोठ्या राइडवर उतारापाशी पार्कचाच कॅमेरा असतो. तिथे हात सरळ वर करा, आडवे पसरू नका. तुमच्या कोपरामागे शेजारच्याचा चेहरा लपतो.