नाव हरवलेला होस्टा ओळखताना या चुका टाळा

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या सावलीत होस्टाचे, म्हणजे पानांच्या शोभेसाठी लावतात त्या झाडाचे, अकरा ठोंब आयते मिळाले. लेबल एकालाही नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात आई आली, पानं निरखली आणि विचारलं, "हा आळू वडीचा की भाजीचा?" तिचं चुकलं ते समजण्यासारखं आहे. पण मी त्या अकरांना एका शनिवारी, मोबाइलवरचे फोटो बघत, नावं देऊन मोकळा झालो. त्यातली आठ नावं पुढे खोडावी लागली.

घाई हीच मुख्य चूक. होस्टाचा रंग वर्षभर एकसारखा राहत नाही. 'गोल्ड स्टँडर्ड' ही जात घ्या. तो वसंतात जवळजवळ हिरवा उगवतो आणि मग पानाचा मधला भाग हळूहळू सोनेरी होत जातो. 'फॉर्च्युनेई अल्बोपिक्टा'चं उलट. तो गडद हिरव्या कडांच्या आत झगझगीत पिवळा उमलतो आणि भर उन्हाळ्यापर्यंत पार हिरवा होऊन बसतो. अधल्यामधल्या एखाद्या दिवशी काढलेल्या फोटोत दोघांची गल्लत सहज होते. एप्रिलअखेर एक, जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये एक असे तीन फोटो शेजारी ठेवा, म्हणजे रंग कुठल्या दिशेने सरकतोय ते दिसेल. माझ्या मते ही दिशा रंगापेक्षा जास्त बोलते.

निळ्या होस्टाचंही तसंच. तो निळेपणा हिरव्या पानावरच्या मेणाच्या थराचा असतो. ऊन, पाऊस आणि स्प्रिंकलरचं पाणी यांनी तो झिजतो, आणि ऑगस्टमध्ये 'हा तर साधा हिरवा' असं आपण लिहून ठेवतो. 'हॅल्सियन' या निळ्या जातीचा स्पोर्ट (म्हणजे तिच्यातूनच आपोआप बदलून निघालेली जात) असलेला 'जून' उन्हात जास्त पिवळा आणि दाट सावलीत निळसर हिरवा दिसतो. झाडाला दिवसातून किती तास ऊन लागतं याची नोंद नसेल, तर फोटोचा उपयोग निम्माच.

दुसरी चूक म्हणजे कोवळ्या झाडावरून निकाल देणं. लहानपणी बहुतेक जातींची पानं अरुंद असतात, खरा आकार आणि सुरकुत्या नंतर येतात. मध्यम जातीला चारपाच वर्षं लागतात, मोठीला त्याहून जास्त. 'सम अँड सबस्टन्स' पुढे पाच फुटांहून जास्त पसरतो, पण कुंडीतल्या दोन वर्षांच्या रोपाकडे बघून यावर कोण विश्वास ठेवेल? नुकताच गड्डा फोडून लावलेला ठोंबही एकदोन वर्षं असाच फसवतो. माप घ्यायचं तर जुन्या ठोंबाचं घ्या: उंची, पसारा, बाहेरच्या पूर्ण वाढलेल्या पानाची लांबी-रुंदी, आणि मधल्या शिरेच्या एका बाजूला किती शिरा आहेत ते. शिरा मोजायला कंटाळा येतो खरा, पण दोन सारख्या दिसणाऱ्या जाती अनेकदा तिथेच वेगळ्या पडतात.

फुलांकडे दुर्लक्ष मीही केलं. पानांसाठी लावायचं झाड म्हणून दांडे छाटून टाकायचो, म्हणजे पुरावाच कचऱ्यात. ऑगस्टमध्ये लांब, पांढरी, संध्याकाळी उमलणारी सुवासिक फुलं आली तर तो 'प्लांटाजिनिया' किंवा त्याच्या वंशातला. (होस्टा आणि आपला निशिगंध एकाच कुळातले आहेत. तो वास आल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही.) गडद जांभळी, घंटेसारखी फुगीर फुलं असतील तर 'व्हेंट्रिकोसा'चा विचार करा. नुकतंच उमललेलं फूल सकाळी बघून परागकोश पिवळे, जांभळे की ठिपकेदार, तेही लिहा. दुपारपर्यंत ते फुटतात आणि रंग कळेनासा होतो.

जुन्या घराच्या बागेत दुर्मीळ जात सापडल्याचा आनंद सगळ्यांना होतो. आधी सगळ्यात साधी शक्यता तपासा. पातळ, लाटदार, पांढऱ्या कडेचं पान, फुलांच्या दांड्यावरही छोटी दुरंगी पानं, आणि बी न धरणं असं असेल तर बहुधा तो 'अंड्युलाटा अल्बोमार्जिनाटा'. त्यालाच 'फ्रान्सी' (पांढऱ्या कडेचीच, पण वेगळी जात) म्हणणारे खूप भेटतात. मधोमध पांढरा असणारा 'अंड्युलाटा' तर वर्षं गेली की हिरवा होत जातो. एकाच ठोंबात दोन तऱ्हेची पानं दिसली म्हणून दोन जाती समजू नका.

मोठ्या ठोंबाच्या पायथ्याशी आपोआप उगवलेली रोपं बियांची असतात आणि ती सहसा आईसारखी होत नाहीत. दुरंगी आईची पोरं बहुतेक एकरंगी निघतात. त्यांना कुठल्याही पुस्तकात नाव सापडणार नाही. कारण ते कोणी दिलेलंच नाही.

आता महागात पडणारी चूक. हिरव्या रंगाची शाई शिरांवरून फुटल्यासारखे डाग, उगाच फुगवटे, पानभर चट्टेपट्टे दिसले आणि तुम्हाला 'अरे, नवी जात!' वाटलं, तर थांबा. हा 'होस्टा व्हायरस एक्स' असू शकतो. 1996 मध्ये मिनेसोटात तो ओळखला गेला, आणि त्याआधी व नंतरही काही 'जाती' केवळ रोगाच्या नक्षीमुळे विकल्या गेल्या. तो रसातून पसरतो, म्हणून एका झाडावरची कात्री न पुसता दुसऱ्याला लावू नका. लक्षणं दिसायला कधीकधी काही वर्षं जातात. तपासणीच्या पट्ट्या मिळतात. रोग निघाला तर उपाय नाही. मुळांसकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

उगवत्या कोंबांवरून खाण्याचे प्रयोग करू नका. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' म्हणून खातात, पण तिथेही तसेच दिसणारे विषारी व्हेराट्रमचे कोंब चुकून खाऊन लोकांना विषबाधा झालेली आहे. कुत्र्यामांजरांना तर होस्टाही बाधतो.

नाव पक्कं नसेल तर नोंदवहीत 'फ्रान्सीसारखा' असं लिहा, 'फ्रान्सी' नको. अमेरिकेतले बागवाले अशा बेनामी झाडांना 'नोइड' म्हणतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. मार्करची शाई दोनतीन उन्हाळ्यांत उडते, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं टिकतं. पट्टी खारींनी उपटली तरी चालावं म्हणून कागदावर वाफ्याचा नकाशाही काढून ठेवा. माझ्या नकाशात अजून दोन ठोंब 'गॅरेजमागचा' आणि 'नळाजवळचा' या नावांनीच आहेत.