एसी मेकॅनिकने नोकरी सोडण्याआधी मांडायचा हिशेब

सर्व्हिस सेंटरमध्ये महिन्याला हातात 20,000 पडतात आणि बाहेर स्वतंत्र काम करणारा उन्हाळ्यात दिवसाला 2,000 कमावतो, एवढ्यावरून राजीनामा देऊ नका. आधी पगाराची खरी किंमत काढा.

समजा मूळ पगार 15,000 आहे. पीएफचे 12 टक्के, म्हणजे 1,800, तुमच्याकडून कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते. ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, महिन्याला साधारण 720 पडते. म्हणजे 20,000चा पगार खरा 24,300च्या घरात आहे. त्यात पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज आणि आरोग्य विम्याचा हप्ता असे 5,700 मिळवा. महिन्याला 30,000, वर्षाला 3,60,000 मजुरी आली तर नुसती बरोबरी होते.

एका सर्व्हिसमागे 500 मजुरी धरली तर वर्षाला 720 कामं हवीत. मार्च ते मे रोज चार, महिन्याला 25 दिवस, अशी 300 होतात. उरलेली 420 नऊ महिन्यांत काढायची, आणि गणित फसतं ते पावसाळ्यात. म्हणून दवाखाने, ऑफिसं, सोसायट्या यांचे वार्षिक करार नोकरी सोडण्याआधीच बोलून ठेवा. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं कामही हातात असू द्या.

पैसा बुडतो तो फुकटच्या फेऱ्यांत. घाईत व्हॅक्यूम न मारता, म्हणजे पंपाने पाइपातली हवा ओढून न काढता, गॅस सोडला की पाइपात हवा आणि ओल राहते, कूलिंग पडतं आणि गिऱ्हाईक परत बोलावतं. व्हॅक्यूम झाल्यावर पंप बंद करून दहा मिनिटं गेजकडे बघा. काटा चढला तर गळती आहे किंवा ओल उरली आहे; आधी पाइपांच्या जोडावरचे फ्लेअर नट तपासा. आर-32 गॅस अंदाजाने नाही, एसीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे वजनकाट्यावर मोजून भरा. तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे ब्रेझिंगआधी, म्हणजे ज्योतीने पाइप जोडण्याआधी, लाइन रिकामी करून नायट्रोजन फिरवा.

सुट्या भागांचे पैसे आधी घ्या. उधारी मजुरीपुरतीच ठेवा, तीही ओळखीच्यांना.

कागदपत्रं थोडीच लागतात. छोट्या व्यवसायाची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त सूचना द्यावी लागते.

राजीनाम्याची नोटीस अशी द्या की फेब्रुवारीअखेर मोकळे व्हाल. जूनमध्ये सुटलात तर पहिले महिने साठवणीवर काढावे लागतील. पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटी पदरात पाडून घ्या.