पहिल्यांदाच विनोदी नाटक बसवताय? आमचा इंदूरचा अनुभव

नोकरी, कॉलेज सांभाळून हौशी ग्रुपमध्ये येणाऱ्या नवीन मुलांना बहुतेक वेळा विनोदी नाटकच हवं असतं, सोपं वाटतं म्हणून. सोपं अजिबात नाहीये. गंभीर नाटकात वाक्य जरा उशिरा आलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, फार्समध्ये, म्हणजे धावपळ-गोंधळाच्या विनोदी नाटकात, तेवढ्यात हशा गेलाच समजा.

आम्ही प्रयोग रंगभूमी दिनाला धरला होता, ५ नोव्हेंबरला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीता स्वयंवर केलं त्याची ही तारीख, त्यामुळे सगळ्यांनाच हौस. पण दिवाळी तिच्याच मागेपुढे येते आणि ऐन तालमीच्या दिवसांत निम्मे लोक पुण्या-मुंबईकडे, त्यात आमच्या नायकाची बदली झाली आणि तो लगेच गेला पण. मग प्रॉम्प्टिंग करणारा, म्हणजे विसरलेले संवाद विंगेतून सांगणारा मुलगा त्याच्या जागी उभा केला कारण सगळ्यांचे संवाद, एन्ट्र्या, मूव्हमेंट त्याला पाठ होत्या. म्हणून सांगते, पहिल्याच नाटकात विंगेत संहिता धरून बसवलं तर नाराज होऊ नका, नाटक तिथूनच सगळ्यात चांगलं कळतं.

आता हशा. तो आला की थांबायचं, पण पूर्ण शांत होईपर्यंत नाही, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, आणि थांबताना भूमिका सोडायची नाही. तालमीत हे जमत नाही कारण आपल्याच लोकांना विनोद पाठ झालेले असतात, कोणी हसतच नाही. आम्ही शेवटी शेवटी रामबागेत एकीच्या घरी तालीम घ्यायचो आणि शेजारच्या काकूंना बोलवायचो. नायक कपाटात लपतो तिथे त्या हसल्याच नाहीत, पण बाहेर येऊन त्याने खिशातून डांबरगोळी काढून गुपचूप परत कपाटात ठेवली त्यावर इतक्या हसल्या की पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही! ते त्या नव्या मुलाचं स्वतःचं होतं, कोणी शिकवलं नव्हतं. लगेच तिथे पॉज वाढवला.

दारांकडे पण लक्ष द्या. फ्लॅटला, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंतीला लावलेलं दार जोरात आपटलं की अख्खी भिंत हलते, मागून टेकू आणि त्यावर वाळूची पोती हवीतच. प्रयोगात आमची कडी अडकली, दार उघडेना, तर बायकोचं काम करणारी आतून ओरडली, 'अहो मागच्या दाराने या, कडी तुमच्यासारखीच हट्टी आहे!' आणि तो दुसऱ्या विंगेतून धापा टाकत आला. टाळ्या पडल्या. असं सुचतं ते पात्र अंगात मुरलेलं असलं की, नुसत्या पाठांतराने नाही.

आणि हो, मुंबईच्या लोकलवरचे विनोद इथे बऱ्याचदा थंड जातात, ते बदलावेसे वाटतात, पण बदलायच्या आधी परवानगी घ्या. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, त्यामुळे प्रयोगाची आणि बदलांची दोन्ही परवानगी एकाच पत्रात मागा, हॉल बुक करायच्या आधी.